बेडकाचें अंडें आणि बाळाचा कान

पालघर स्टेशनावर उतरून समुद्राच्या दिशेनें निघालें म्हणजे शिरगांव लागतें. गांवाला रुंद किनारा आहे, ताडामाडांची सावली आहे, आणि १७३९ सालीं वसईच्या मोहिमेंत मराठ्यांनीं पोर्तुगिजांच्या हातून घेतलेला किल्लाहि आहे. परंतु मृगाच्या सरी कोसळून खाचरें भरलीं कीं पाहुण्याला पहिली ओळख होते ती किल्ल्याची नव्हे, बेडकांची. रात्रीं दिवे मालवले न मालवले तोंच शेतांतून जो गजर सुरू होतो, तो पहाटेपर्यंत थांबत नाहीं. शहरांतून आलेल्या मनुष्यास त्या आवाजानें झोप येत नाहीं. घरच्या मंडळींस मात्र तो ऐकल्यावांचून झोप येत नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत तेथील एका स्नेह्यांच्या घरीं दोन दिवस राहण्याचा योग आला. सकाळीं त्यांची दहा वर्षांची नात मला हाताला धरून खाचराच्या बांधावर घेऊन गेली. बांधालगतच्या उथळ पाण्यावर मोहरीच्या दाण्याएवढ्या काळ्या ठिपक्यांचा एक पातळ पापुद्रा तरंगत होता. हीं बेडकाचीं अंडीं. त्यांतील थोडीं आम्हीं पांढऱ्या वाडग्यांत घेतलीं व दिवसभर अधूनमधून भिंगांतून पाहत राहिलों. संध्याकाळपर्यंत वाटोळे ठिपके लांबट झाले, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांना वळवळणाऱ्या शेपट्या दिसूं लागल्या. तीं पुन्हा खाचरांत सोडतांना मुलीनें विचारलें, "काका, ह्या ठिपक्याला डोळा कुठें करायचा आणि शेपटी कुठें, हें कोण सांगतं?"

त्याच घरांत दुसरी एक गोष्ट माझ्या दृष्टीस पडली. स्नेह्यांचा धाकटा नातू दीड वर्षाचा आहे. दुपारीं ढगांचा मोठा कडकडाट झाला, तेव्हां अंगणांतील कुत्रेंसुद्धां दचकून उठलें. परंतु ओटीवर खेळणाऱ्या त्या बाळानें मान वर केली नाहीं. आजीबाई हलक्या आवाजांत म्हणाल्या, "सूनबाईनं ग्रहणांत विळीला हात लावला, त्याचं हें फळ." माजघरांत सूनबाई होत्या. तें त्यांच्या कानांवर गेलेंच.

नातीचा प्रश्न आणि आजीबाईंचा निकाल यांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल असें सहसा कोणास वाटणार नाहीं. परंतु तो आहे. तो कसा, हें सांगण्यासाठींच हा लेख.

आईची शिदोरी

बेडकाचें अंडें ही प्रथम एकच पेशी असते. फलन झाल्यावर तिचे दोन भाग होतात, दोहोंचे चार, चारांचे आठ. प्रयोगशाळांतून ज्याच्यावर सर्वांत अधिक काम झालें आहे, तो आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागांतील नखांचा बेडूक. शास्त्रांत त्याला झेनोपस म्हणतात. त्याचें अंडें सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतें. फलनानंतर सुमारें दीड तासानें त्याचें पहिलें विभाजन होतें, आणि पुढें दर अर्ध्या तासाला एक याप्रमाणें विभाजनें चालू राहतात. बारा विभाजनें होईतों चार हजारांवर पेशी तयार होतात. अंड्याचा आकार मात्र होता तेवढाच राहतो. एक मोठा दिवाणखाना आडव्याउभ्या भिंती घालून चार हजार खोल्यांत वांटावा, तसा हा प्रकार आहे.

आश्चर्य असें कीं, ह्या पहिल्या कांहीं तासांत गर्भ स्वतःच्या जनुकांचा जवळजवळ उपयोगच करीत नाहीं. जनुक म्हणजे एकेक प्रथिन कसें बनवावें याची कृति लिहिलेली पोथी. ती प्रत्येक पेशींत असते. पण गर्भ तिचीं पानें उघडतो तीं बाराव्या विभाजनाच्या सुमारास. तोंवर त्याचा सर्व कारभार आईनें अंड्यांत भरून ठेवलेल्या सामग्रीवर चालतो. पिवळा बलक म्हणजे अन्नाची शिदोरी, हें आपणांस ठाऊक असतें. परंतु आईनें आणखी एक शिदोरी बांधून दिलेली असते. निरनिराळ्या जनुकांवरून उतरवून घेतलेल्या नकला, म्हणजे शास्त्राच्या भाषेंत संदेशवाहक आरएनए, अंड्यांत आधींच तयार असतात. लेकीला सासरीं पाठवितांना आईनें पाककृतींची वही बरोबर द्यावी, तशा ह्या नकला. त्यांत एक कृति अशी असते कीं, तिच्यावांचून चार हजार खोल्यांचें हें घर एक कुटुंब होऊंच शकलें नसतें. ती कृति म्हणजे भिंतींतील दारांची.

भिंतींतील दारें

प्रत्येक पेशीभोंवतीं पातळ आवरण असतें. दोन शेजारच्या पेशी म्हणजे भिंतीला भिंत लागलेल्या दोन खोल्या. पूर्वीं असा समज होता कीं प्रत्येक पेशी आपापल्या ठिकाणीं बंदिस्त असते. पुढें सूक्ष्म विद्युत्प्रवाह सोडून पाहतां असें आढळलें कीं, कित्येक ठिकाणीं तो एका पेशींतून दुसरींत सरळ जातो. १९६७ सालीं रेव्हेल आणि कार्नोव्स्की यांनीं उंदराच्या हृदयाचे व यकृताचे पातळ छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. तेव्हां शेजारच्या दोन आवरणांमध्यें एक अगदीं बारीक फट आणि तींत षट्कोनी मांडणीनें बसविलेले कण त्यांना दिसले. या रचनेला 'गॅप जंक्शन' हें नांव मिळालें. आपण तिला संधिद्वार म्हणूं.

या दाराची घडण मोठी सुबक आहे. कनेक्सिन नांवाच्या प्रथिनाचे सहा तुकडे वर्तुळांत उभे राहिले म्हणजे मध्यें पोकळी असलेली एक नळी बनते. अशी एक नळी ह्या पेशीच्या भिंतींत, दुसरी शेजारणीच्या भिंतींत. दोहोंचीं तोंडें समोरासमोर जुळलीं कीं दार तयार झालें. अर्धें दार एका बिऱ्हाडानें बसवावें, अर्धें शेजाऱ्यानें, अशी ही भागीदारी आहे. दार अर्थातच अरुंद असतें. मीठ, साखर, अमिनो आम्लें व संदेश पोंचविणारे लहान रेणू त्यांतून सुखानें जातात. प्रथिनांसारखे मोठे रेणू त्यांतून जाऊं शकत नाहींत. म्हणजे शेजारणी वाटीभर साखर देतात-घेतात, निरोप धाडतात. संसार मात्र ज्याचा त्याचा राहतो. शिवाय हें दार सदाच उघडें नसतें. एखादी पेशी जखमी होऊन तिच्यांत चुन्याच्या क्षाराचे कण, म्हणजे कॅल्शियम, वाढलें तर शेजारची पेशी आपलें दार लावून घेते व आपला बचाव करते.

कनेक्सिनचा प्रकार एकच नाहीं. मनुष्याच्या शरीरांत एकवीस प्रकार आहेत, आणि त्यांना त्यांच्या वजनावरून आंकडे दिलेले आहेत: कनेक्सिन २६, कनेक्सिन ४३, वगैरे. आपलें हृदय एका ठोक्याला सगळें एकदम आकुंचन पावतें तें कनेक्सिन ४३ व त्याच्या भाईबंदांच्या दारांतून इशारा पसरतो म्हणून. बेडकाच्या अंड्यांत आईनें ठेवलेल्या ज्या कनेक्सिनची नक्कल प्रथम हातीं लागली, त्याचें नांव कनेक्सिन ३८. अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं १९८९ सालीं तिचा शोध प्रसिद्ध केला.

दार लावून पाहिलें तर

दारें आहेत हें कळलें. पण गर्भाला त्यांची गरज आहे कीं नाहीं, हें कसें ठरवावें? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत अॅन वॉर्नर ह्या विदुषीनें सारा गथ्री व नॉर्टन गिलुला यांच्यासह १९८४ सालीं त्याची परीक्षा घेतली. झेनोपसचा गर्भ आठ पेशींचा असतांना त्यांपैकीं एकाच पेशींत संधिद्वारांच्या प्रथिनाला चिकटणारें प्रतिपिंड सोडण्यांत आलें. प्रतिपिंड दाराला अडकलें, दळणवळण बंद पडलें. तेवढ्यानें पेशी मेली नाहीं, तिचें विभाजनहि थांबलें नाहीं. पण पुढें जे बेडूकमासे झाले, त्यांतील पुष्कळांचें डोकें एका बाजूला अपुरें होतें. त्या बाजूचा डोळा व मेंदू नीट घडलाच नव्हता. नातीच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर येथें मिळतें. डोळा कोठें करावयाचा हें कोणी एक मुकादम उभा राहून सांगत नाहीं. पेशी एकमेकींना विचारून तें ठरवितात. ज्या कोपऱ्याला विचारपूस करतां आली नाहीं, तो कोपरा चुकला. १९९८ सालीं मायकेल लेव्हिन आणि मार्क मर्कोला यांनीं असेंहि दाखविलें कीं, हीं दारें बंद करणारीं औषधें वेळेवर दिलीं तर बेडूकमाशाच्या हृदयाची व आंतड्यांची डावी-उजवी बाजूसुद्धां चुकते.

येथवर गोष्ट सरळ आहे. परंतु शास्त्राची वाट क्वचितच सरळ जाते, आणि पुढचा भाग मला अधिक बोधप्रद वाटतो. पेशींत चमकणारा पिवळा रंग सोडला तर तो दारांतून शेजारीं जातो, आणि गर्भाच्या पाठीकडील पेशींत तो पोटाकडील पेशींपेक्षां अधिक पसरतो, असें पुष्कळांनीं पाहिलें होतें. त्यावरून 'पाठ व पोट हा भेद ह्या दारांमुळेंच पडतो' असें प्रतिपादन होऊं लागलें. २००० सालीं लँड्समन, गुडइनफ व पॉल यांनीं तोच प्रयोग पुन्हा केला. फरक एवढाच कीं, त्यांनीं गर्भ नुसता वरून पाहिला नाहीं, तर त्याचे पातळ काप करून पाहिले. तेव्हां असें आढळलें कीं तो पिवळा रंग शेजारच्या पेशींत मुळीं गेलाच नव्हता! रंग सोडलेल्या पेशीचा उजेड शेजारच्या पेशींवर पडून त्या उजळल्यासारख्या दिसत होत्या. आणि पोटाकडील पेशी रंगानें अधिक काळ्या असल्यामुळें तेथें तो उजेड झांकला जात होता. दाराबाहेरच्या कंदिलाचा प्रकाश भिंतीवर पडला, आणि पाहणारा म्हणाला कीं घरांत दिवा लागला आहे. दुसरा एक अधिक लहान रेणू मात्र खरोखर शेजारीं गेला. पण तो पाठीकडे व पोटाकडे सारखाच. दारें खरीं ठरलीं, पण त्यांच्यावर उभारलेला एक मोठा सिद्धांत गळून पडला.

यानंतर २००३ सालीं त्याच मंडळींनीं अंड्यांतून आईनें दिलेली कनेक्सिन ३८ ची नक्कलच नाहींशी केली. आतां दळणवळण बंद पडून गर्भ बिघडणार, अशी कोणाचीहि अपेक्षा असती. झालें उलटेंच. गर्भ नीट वाढले, आणि त्यांच्या पेशींत देवघेवहि पूर्ववत् चालू होती! शोध करतां करतां कळलें कीं आईनें एक नव्हे, निदान चार प्रकारच्या दारांच्या कृति अंड्यांत ठेवलेल्या असतात: कनेक्सिन ३८, ३१, ४३ आणि ४३.४. यांपैकीं ३८ ही केवळ आईची शिदोरी. ती संपली कीं संपली. बाकीच्या तिघांचें काम पुढें गर्भ आपल्या जनुकांवरून स्वतः चालू ठेवतो. त्यांतील ४३.४ हा प्रकार सर्वांत विपुल असून तो मेंदू, डोळे व मज्जारज्जु ज्यांतून होतो त्या भागांत विशेषें करून एकवटतो.

वॉर्नरबाईंचा प्रयोग आणि हा प्रयोग यांत विरोध दिसतो, पण तो वरवरचा आहे. पहिल्या प्रयोगांत दळणवळणच अडलें होतें. दुसऱ्यांत दारांची एक जात कमी झाली, पण दुसऱ्या जातींनीं तिचें काम चालू ठेवलें. निसर्गानें आईच्या हातून एका दारावर विसंबून राहण्याची चूक होऊं दिलेली नाहीं.

आपल्याकडील काम

असल्या गोष्टी परदेशांतच होतात असें समजण्याचें कारण नाहीं. पेशीकडून पेशीकडे पदार्थ कसे जातात व त्यांमुळें गर्भाला आकार कसा येतो, ह्या प्रश्नाकडे फार पूर्वीं एका महाराष्ट्रीय विदुषीचें लक्ष गेलें होतें. डॉ. लीला मुल्हेरकर यांनीं एडिंबरो येथें प्रसिद्ध शास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्या हाताखालीं कोंबडीच्या गर्भावर काम केलें, आणि गर्भाच्या घडणींत पदार्थांचें प्रसरण कसें होतें या विषयावर दोघांच्या नांवें १९५७ सालीं निबंध प्रसिद्ध झाला. त्या वेळीं कनेक्सिन हा शब्दहि जन्मास आला नव्हता. पुढें पुणें विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागांत त्यांनीं गर्भविकासाच्या अभ्यासाची परंपरा निर्माण केली. त्याच पुण्यांत मायक्रोहायला ऑर्नाटा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या लहानग्या बेडकाच्या गर्भावर पुष्कळ काम झालें. वाडग्यांतील आमच्या ठिपक्यांप्रमाणेंच त्याचीं अंडीं पाण्यावर पापुद्र्यासारखीं तरंगतात. श्री. पाध्ये व श्री. घाटे यांनीं १९९२ सालीं ह्या बेडकाच्या निरनिराळ्या अवस्था साध्या मिठाचें व पोटॅशियमच्या क्षाराचें प्रमाण कोठवर सोसूं शकतात, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिरगांवासारख्या खाडीकाठच्या गांवीं, जेथें गोड्या पाण्याचें खाचर आणि खारट जमीन यांत कधीं कधीं एका बांधाचेंच अंतर असतें, तेथें हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे, हें सांगावयास नको.

बाळाचा कान

आतां आजीबाईंकडे वळूं. आपल्या कानाच्या आंत गोगलगाईच्या शंखासारखी एक वळणदार नळी असते. आवाजाच्या लाटेनें तिच्यांतील केसाळ पेशी हलतात आणि त्यांच्यांत पोटॅशियमचे कण शिरतात. त्यांतून ऐकण्याचा संदेश उठतो. हे कण लगेच काढून घेऊन पुन्हा मूळ जागीं पोंचवावे लागतात. तें काम शेजारच्या आधारपेशी आपल्या संधिद्वारांतून करतात असें मानलें जातें. तेथील मुख्य दार कनेक्सिन २६ चें. १९९७ सालीं असा शोध लागला कीं ह्या एका जनुकांत बिघाड झाला तर मूल जन्मतः बहिरें होतें. जन्मजात बहिरेपणाच्या आनुवंशिक कारणांत जगभर हें एक प्रमुख कारण ठरलें आहे. बेडकाच्या गर्भांत एक जात गेली तर दुसऱ्या जाती काम चालवितात; कानांत कनेक्सिन २६ ची जागा पुरतेपणीं भरून काढणारें दुसरें कोणी नाहीं.

आपल्या देशांत ह्या जनुकांतील जी चूक सर्वांत अधिक आढळते, ती अगदीं एका अक्षराची आहे. कनेक्सिन २६ हें २२६ अमिनो आम्लांची माळ आहे. चुकीच्या नकलेंत चोविसाव्या मण्याच्या जागीं पूर्णविराम पडतो, आणि माळ तेथेंच तुटते. प्रत्येकाजवळ ह्या पोथीच्या दोन प्रती असतात, एक आईकडची व एक बापाकडची. एक प्रत शुद्ध असली तरी मनुष्याला नीट ऐकूं येतें आणि चुकीची प्रत आपल्याजवळ आहे याची त्याला कल्पनाहि नसते. अशा दोघांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्याच्या वांट्याला दोन्ही चुकीच्या प्रती येण्याचा संभव चारांत एक असतो. जवळच्या नात्यांत, उदाहरणार्थ आपल्यांतील कांहीं घराण्यांत चालत आलेल्या मामेबहीण-आतेभाऊ विवाहांत, एकाच पूर्वजाची चूक दोन्ही बाजूंनीं येण्याची शक्यता वाढते. गोत्र पाहून हा धोका टळत नाहीं. कारण गोत्र बापाकडून मोजलें जातें, आणि चूक आईकडूनहि तितकीच येते.

यांत ग्रहण कोठें आहे? विळी कोठें आहे? चूक ही गर्भ राहण्यापूर्वींच, कित्येक पिढ्यांपूर्वीं पडलेली. आणि तींत बापाचा वांटा आईइतकाच. तरीहि कित्येक घरांतून ह्या एका गोष्टीचा दोष सुनेच्या पदरीं बांधला जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे, दोष कोणाचा हें ठरविण्यांत मुलाचा मोलाचा काळ निघून जातो. भाषा शिकण्याचा काळ पहिल्या दोन-तीन वर्षांचा असतो. नवजात अर्भकाचें ऐकणें तपासणारीं यंत्रें आतां मोठ्या शहरांतच नव्हे, पुष्कळ ठिकाणीं उपलब्ध आहेत. बाळ झोपेंत असतां, त्याला न दुखवितां, कांहीं मिनिटांत ही तपासणी होते. बिघाड कनेक्सिन २६ चा असला तर कानापासून मेंदूकडे जाणारी नस बहुधा शाबूत असते. म्हणून अशा मुलांना कानांत बसविण्याच्या कॉक्लियर यंत्राचा चांगला उपयोग होतो. तें जितकें लवकर बसेल तितकी वाचा अधिक चांगली येते. ज्यांना तें लाभत नाहीं, त्यांच्यासाठीं खुणांची भाषा आहे. तीहि वेळेवर, आणि घरांतील सर्वांनीं शिकावयास हवी.

शिरगांवच्या त्या बाळाचा बिघाड याच प्रकारचा आहे असें मी म्हणत नाहीं. बहिरेपणाचीं कारणें अनेक आहेत, आणि तें ठरविणें वैद्यांचें काम. पण निघण्यापूर्वीं मीं स्नेह्यांशीं दोन घटका बोललों. वाडगें समोर ठेवून बेडकाच्या अंड्याची गोष्ट सांगितली: आई आपल्याकडून देतां येईल तें सगळें बांधून देते, एका दाराऐवजीं चार देते; आणि तरीहि एखाद्या ठिकाणीं पोथींतील जुनी चूक आड येते, त्याला तिचा इलाज नसतो. आजीबाई ऐकत होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें त्यांनीं नातवाला मांडीवर घेतलें, आणि सुनेला हांक मारून विचारलें, "मुंबईस दाखवायला केव्हां न्यायचं? मीहि येत्यें बरोबर."